संगणकांतील यादी : नोंद चाळावी कीं प्रश्न विचारावा?

शेतकऱ्यांच्या मासिकांत संगणकाच्या अंतर्रचनेवर लेख कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर आरंभींच देऊन ठेवितों. पूर्वी आपलें नांव तलाठ्याच्या दप्तरांत किंवा सोसायटीच्या खतावणींत असे, आणि वही पुढ्यांत घेऊन, ओळीवर बोट ठेवून तें वाचतां येत असे. सांप्रत तीं नांवें संगणकांत गेलीं आहेत. केंद्र सरकारनें २९ जून २०२२ रोजीं ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली व तिजसाठीं २,५१६ कोटि रुपयांचा खर्च ठरविला. ज्या संस्थांचें काम अद्याप व्हावयाचें आहे, त्यांच्या पंचमंडळापुढें आज ना उद्यां कोणी तरी आराखडा घेऊन बसणारच. त्या वेळीं मुकाट्यानें सही करण्यापेक्षां दोन प्रश्न विचारतां आले तर संस्थेचें हित होईल. पीककर्जाच्या यादींत नांव न सांपडणें हें भातावर करपा पडण्याहून लहान नुकसान नव्हे.

आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें व नोकरी महसूल खात्यांतील कारकुनाची. संगणकाचा परिचय झाला तो नोकरीच्या उत्तरार्धांत, कागदी दप्तर यंत्रावर चढवितांना. म्हणून जें सांगावयाचें तें दप्तराच्याच भाषेंत सांगतों.

दप्तरांतील दोन वाटा

मीरा-भाईंदरकडील वाचकांस हें उदाहरण जवळचें वाटेल. येथें १९८५ सालीं नगरपरिषद झाली व २८ फेब्रुवारी २००२ रोजीं महानगरपालिका झाली. नवघर, खारी, गोडदेव या गांवांच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. तथापि सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर गेले नाहींत. पांच मजली इमारतीच्या कागदांतहि जुन्या भातखाचराचा नंबर येतोच. डोंगरी, उत्तन, राई, मुर्धे येथील खातेदारांस तर तो पदोपदीं लागतो.

आतां समजा, एक गृहस्थ येऊन म्हणाला, "डोंगरी गांवचा सर्व्हे नंबर ४२, हिस्सा ३ दाखवा." गांव नमुना सात-बाराचीं पानें सर्व्हे नंबराच्या क्रमानें लावलेलीं असतात. कारकून गठ्ठा साधारण अंदाजानें उघडतो, ४२ वर येतो, आणि मग एक पान पुढें, एक पान मागें, असें पाहून शेजारचे हिस्सेहि दाखवितो. दप्तर क्रमानें लावलेलें असल्यामुळें हें काम घटकाभरांत उरकतें.

दुसरा गृहस्थ येऊन म्हणाला, "ज्यांची जमीन अर्ध्या हेक्टरहून अधिक आहे, ज्यांच्या उताऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे, अशा खातेदारांचीं नांवें बोजाच्या उतरत्या क्रमानें द्या." येथें कोठलें पान आधीं उलटावें हें त्याला ठाऊक नाहीं, व ठाऊक असण्याचें कारणहि नाहीं. त्याला सात-बारा, आठ-अ व सोसायटीची खतावणी हीं तीन दप्तरें ताडून पाहावयास हवीं आहेत. तो केवळ काय हवें तें सांगतो. कसें शोधावें हें कारकुनानें ठरवावयाचें.

संगणकांत यादी दाखविण्याच्या ज्या दोन पद्धती आहेत त्या याच होत. पहिलींत कार्यक्रम लिहिणारा मनुष्य यंत्रास एकेक पाऊल सांगतो : या नंबरावर जा, नोंद वाच, पुढची नोंद वाच. हिला आपण नोंदवार वाचन म्हणूं. दुसरींत तो संपूर्ण प्रश्नच एका वाक्यांत घालतो व उत्तराचा संच मागतो. या प्रश्नाच्या भाषेस एस. क्यू. एल. म्हणतात.

दोहोंचा पूर्वेतिहास

नोंदवार वाचन जुनें आहे. सूचीच्या आधारें फायलींतील नेमकी नोंद गांठण्याची सोय १९६०च्या दशकांतील मोठ्या यंत्रांवर झाली. कोबॉल भाषेंत "स्टार्ट" म्हणून जागा धरावयाची व "रीड नेक्स्ट" म्हणत पुढें जावयाचें. आय. बी. एम. कंपनीनें १९८८ सालीं काढलेल्या ए. एस. ४०० या यंत्रावर व्यापारी कामाच्या असंख्य याद्या याच रीतीनें चालत आल्या. आपल्याकडील लहान कचेऱ्यांत डीबेस व फॉक्सप्रो यांवर लिहिलेलीं खातीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. तेथें "सीक" म्हणजे गांठणें व "स्किप" म्हणजे पुढें सरकणें.

दुसऱ्या पद्धतीचा पाया ई. एफ. कॉड यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत घातला. माहिती तक्त्यांच्या रूपानें ठेवावी, आणि विचारणाऱ्यास ती यंत्रांत कोठें व कशी ठेविली आहे हें माहीत असण्याची गरज पडूं नये, असें त्यांचें प्रतिपादन होतें. त्यावरून डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ च्या सुमारास प्रश्नाची भाषा तयार केली, व १९८६ सालीं अमेरिकेंत ती प्रमाण म्हणून मान्य झाली. या भाषेंतील वाक्याचा सांगाडा मराठींत असा होईल : "सभासद-वहींतून नांव व बाकी निवड, जेथें गांव डोंगरी आहे व बाकी शून्याहून अधिक आहे, बाकीच्या उतरत्या क्रमानें लाव."

नोंदवार वाचनाचे गुण व मर्यादा

या पद्धतीचा सर्व जोर सूचीवर असतो. एक लाख नोंदी क्रमानें लावलेल्या असतील, तर दर खेपेस मध्यावर पाहून अर्धा भाग टाकीत गेल्यास सतरा तुलनांत हवी ती नोंद सांपडते. यंत्रांतील सूची याहूनहि सोयीची असते. तिच्या एकेका पानावर शंभर खुणा मावत असतील, तर तीन पानें उघडून दहा लाख नोंदींपैकीं नेमकी एक गांठतां येते.

शिवाय पडद्यावरच्या यादीस ही रीत स्वभावतःच जुळते. सोसायटीच्या गुमास्त्यानें "म्ह" हीं अक्षरें टंकिलीं कीं यादी म्हात्र्यांपासून सुरू व्हावी, खालचें बटण दाबल्यास पुढचे वीस यावे, वरचें दाबल्यास मागचे वीस यावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. नोंदवार वाचनांत जागा धरली कीं पुढें वा मागें वाचीत जावयाचें. पडदा भरला कीं थांबावयाचें. चार हजार सभासद असोत कीं चार लाख, वीसच नोंदी वाचाव्या लागतात.

परंतु अटी वाढल्या कीं या पद्धतीची दमछाक होते. समजा, संस्थेचे ४,००० सभासद आहेत व त्यांपैकीं अटींत बसणारे अवघे ३० आहेत. कार्यक्रम पहिली नोंद वाचतो, तिच्यासाठीं कर्जाची वही उघडतो, अट जुळली नाहीं म्हणून टाकून देतो, आणि दुसरीकडे वळतो. ते तीस जण सर्वत्र सारखे विखुरलेले असतील, तर वीस ओळींचा एक पडदा भरण्यास सुमारें २,७०० सभासदांच्या नोंदी व तितक्याच वेळां कर्जाची वही पाहावी लागेल. संगणक एका गांवीं व माहितीचें भांडार दुसऱ्या गांवीं असेल, तर दर नोंदीमागें एक हेलपाटा, असा हिशेब होतो. आणि त्याच यादीचा क्रम सभासदानें "बाकीप्रमाणें लावा" असा बदलून मागितला, तर त्या क्रमाची सूची आधीं बांधलेली नसल्यास कार्यक्रमच नवा लिहावा लागतो.

प्रश्नपद्धतीचे गुण व मर्यादा

एस. क्यू. एल. मध्यें अटी कितीहि असोत, क्रम कोणताहि असो, वाक्यांतील चार शब्द बदलले कीं भागतें. अनेक वह्या ताडून पाहाण्याचें काम भांडाराजवळच उरकतें व गुमास्त्याकडे केवळ वीस ओळी येतात. कोणत्या वहीपासून आरंभ करावा, कोणती सूची वापरावी, हें भांडारांतील एक भाग स्वतः ठरवितो. उद्यां नवी सूची बांधली तर प्रश्नाचें वाक्य न बदलतां काम जलद होतें.

तथापि यावरून ही जादू आहे असें कोणीं समजूं नये. जुळणारी सूची नसेल, तर हा प्रश्नहि सगळें दप्तर पहिल्या पानापासून चाळतो. फरक इतकाच कीं तें चाळणें आपणांस दिसत नाहीं. "डिसो" या अक्षरांनीं आरंभ होणारीं नांवें मागितलीं तर सूचीचा उपयोग होतो. परंतु "ज्यांत कोठें तरी 'सो' आहे" असें मागितल्यास साधी सूची निरुपयोगी ठरते. दुसरें असें कीं, क्रम स्पष्ट सांगितला नाहीं तर उत्तर कोणत्या क्रमानें येईल याची हमी ही भाषा देत नाहीं. आज नांवें सभासद क्रमांकानें आलीं म्हणून उद्यांहि तशींच येतील हा भ्रम होय.

पान मोजण्याचा घोटाळा

तिसरा दोष सर्वांत घातक आहे, आणि तो आम्हीं प्रत्यक्ष पाहिला. एका संस्थेनें आम्हांस निवडणुकीची मतदार यादी छापून झाल्यावर तपासावयास बोलाविलें होतें. एक विधवा बाई आपली पावती घेऊन आली. पतीचा भाग तिच्या नांवें चढला होता, संगणकांतील वहींत तिचें नांव होतें, परंतु छापलेल्या यादींत नव्हतें. गुमास्ता म्हणे, "बाई, यंत्र चुकत नाहीं." बाई म्हणे, "मग मी चुकलें काय?" दोघांचेंहि म्हणणें एका अर्थीं खरें होतें.

शोध करितां असें दिसून आलें कीं, यादी वीस-वीस नांवांच्या पानांनीं मागविली जात होती, आणि दर पानास कार्यक्रम नव्यानें प्रश्न विचारी : "पहिलीं इतकीं सोडून पुढचीं वीस दे." दुसरें पान निघाल्यावर व तिसरें मागविण्यापूर्वी शेजारच्या मेजावरील कारकुनानें यादींतील सातव्या, मयत सभासदाचें नांव कमी केलें. तत्क्षणीं मागचीं सर्व नांवें एकेक जागा वर सरकलीं. जें एकेचाळिसावें होतें तें चाळिसावें झालें. तिसऱ्या पानासाठीं यंत्रानें पहिलीं चाळीस सोडलीं, त्यांत तेंहि सुटलें. दुसऱ्या पानावर तें आलेलें नव्हतें व तिसऱ्यावरहि आलें नाहीं. तें नांव या बाईचें होतें. याच्या उलट, वरच्या भागांत एखादें नांव वाढलें असतें, तर चाळिसावें नांव खालीं ढकललें जाऊन दोनदां छापलें गेलें असतें.

येथें कोणीं लबाडी केली नव्हती. यादी कच्ची होती, हरकतीची मुदत शिल्लक होती, म्हणून दुरुस्ती झाली. परंतु ती बाई घरींच बसली असती तर? ज्याचें नांव गळतें त्याला तें गळल्याचें कळण्याचा मार्गच नसतो, हें या चुकीचें खरें दुष्टपण आहे.

कोणताहि जुना कारकून असा घोटाळा करीत ना. जेवावयास उठतांना तो "आपण चाळीस पानें पाहिलीं" असें ध्यानांत ठेवीत नसे. शेवटल्या पाहिलेल्या सर्व्हे नंबराशीं खूण घालून उठत असे. मागें कोणी पान काढलें वा घातलें तरी खूण हलत नसे. नोंदवार वाचनांत ही खूण आपोआप सांभाळली जाते, कारण कार्यक्रम संख्येवर उभा नसून नोंदीवर उभा असतो. हा त्या जुन्या पद्धतीचा मोठा गुण.

सुदैवानें तोच गुण प्रश्नपद्धतींतहि आणतां येतो. "पहिलीं चाळीस सोड" असें न म्हणतां "शेवटीं दाखविलेल्या नांवाच्या पुढचीं, क्रमानें, वीस दे" असें विचारावयाचें. मागचें पान हवें असल्यास "पहिल्या दाखविलेल्या नांवाच्या अलीकडचीं, उलट क्रमानें, वीस" मागवून तीं दाखवितांना सुलट करावयाचीं. यानें आणखी एक लाभ होतो. पांचशेंवें पान मागितलें असतां मोजणीच्या रीतींत यंत्रास आधींच्या ९,९८० नोंदी मोजून सोडाव्या लागतात. खुणेच्या रीतींत, त्या क्रमाची सूची असल्यास, पहिलें व पांचशेंवें पान सारख्याच वेळांत येतें. एक गोष्ट मात्र सोडावी लागते : "एकदम पान तीनशें दाखव" अशी उडी खुणेनें घेतां येत नाहीं. पण नांव शोधणाऱ्यास पानाचा आंकडा कशाला हवा? त्याला आडनांवावर उडी हवी असते, व ती घेतां येतें.

क्रम पक्का हवा

खूण पक्की राहावयास क्रम निःसंदिग्ध पाहिजे. आमच्या आगरी वस्तीच्या गांवांतून पाटील, म्हात्रे, भोईर यांचीं घरेंच्या घरें आहेत. नांव व आडनांव दोन्ही सारखीं असे सभासद एकाच गांवांत सहज निघतात. पान अशा दोन नांवांच्या मध्यें तुटलें आणि खूण केवळ नांवाची असली, तर दुसरा गृहस्थ गळेल. याकरितां क्रमांत आडनांव, नांव व शेवटीं सभासद क्रमांक असे तीन रकाने असावे, व खूणहि तिहींची मिळून असावी. सभासद क्रमांक दोघांचा एक असूं शकत नाहीं. म्हणून त्याच्यापाशीं संशय संपतो.

सर्व्हे नंबराची गोष्ट निराळी. तो यंत्रांत आंकडा म्हणून न ठेवितां अक्षरें म्हणून ठेविला, तर यंत्र त्याला शब्दकोशाप्रमाणें लावतें : १, १०, १००, ११, २. ४२/१ च्या मागून ४२/१० येतो व ४२/२ त्याच्याहि मागें पडतो. आपला हिस्सा जेथें असावा तेथें नाहीं असें पाहून मनुष्य घाबरतो. सर्व्हे नंबर आंकड्याच्या रकान्यांत व हिस्सा वेगळ्या रकान्यांत ठेवणें हा त्यावर सोपा उपाय आहे.

नांवांच्या लेखनाचीहि काळजी घ्यावी. उत्तन, पाली, चौक, डोंगरी या भागांतील ख्रिस्ती शेतकरी व कोळी बांधवांचें एकच आडनांव कोठें डिसोझा, कोठें डिसोजा, कोठें डिसूजा असें लिहिलेलें आढळतें. पाटील व पाटिल हाहि भेद आहेच. नोंदवार वाचन लिहिलेल्या अक्षरांवर नेमकें उतरतें व दुसऱ्या लेखनाचा मनुष्य कित्येक पडदे पलीकडे राहातो. प्रश्नपद्धतींत "डिसोझा किंवा डिसोजा किंवा डिसूजा" अशी अट घालतां येते. राज्य सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर सात-बारा पाहातांना सर्व्हे नंबर अथवा गट नंबर घालून शोध घेतां येतो, तसाच पहिलें नांव, मधील नांव वा आडनांव यांवरूनहि घेतां येतो. नंबर ठाऊक असल्यास तोच घालावा, कारण तेथें लेखनभेदाचा फांस नाहीं.

मग निवड कोणती?

आमचें मत असें आहे कीं, ही निवड आवडीनें न करतां प्रश्न पाहून करावी. यादीचा क्रम एकच व ठरलेला, अटी थोड्या, वही एकच, आणि जुना कार्यक्रम बिनचूक चालत असेल, तर केवळ नवी टूम म्हणून तो मोडूं नये. अटी अनेक, वह्या अनेक, क्रम सभासदाच्या इच्छेनुसार बदलणारा असेल, तर एस. क्यू. एल. घ्यावें, परंतु पानें खुणेनें मागवावीं. आणि यादींतून एक नांव निवडून त्याच्या खात्यांत फेरफार करावयाचा असेल, तर यादींत दिसलेल्या ओळीवर विसंबूं नये. सभासद क्रमांकानें ती एकच नोंद पुन्हां ताजी वाचावी, दुसऱ्याचा हात लागणार नाहीं अशी धरून ठेवावी, व मगच लिहावें. यादी शोधण्यासाठीं आहे; लिहिणें नेहमीं एका नोंदीवर करावें.

पंचमंडळानें आराखडा आणणाऱ्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावे :

१. यादीचें पुढचें पान मोजणीनें येतें कीं शेवटल्या नोंदीच्या खुणेनें?

२. क्रमाच्या शेवटीं सभासद क्रमांकासारखा एकमेव रकाना आहे काय?

३. ज्या क्रमांनीं यादी पाहातां येते त्या प्रत्येकासाठीं सूची बांधली आहे काय? सूच्या फार झाल्या तर प्रत्येक नवी नोंद लिहिण्यास वेळ लागतो. म्हणून गरजेपुरत्याच बांधाव्या.

४. सर्व्हे नंबर आंकडा म्हणून ठेविला आहे कीं अक्षरें म्हणून?

५. छापलेल्या यादींतील एकूण नांवें व वहींतील एकूण सभासद यांचा ताळा यादीच्या शेवटीं येतो काय?

हा पांचवा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मात्र ताळा नांवांच्या नुसत्या संख्येचा नसावा, कारण एक नांव गळलें व दुसरें दोनदां आलें तर संख्या बरोबरच निघेल. सभासद क्रमांकांची बेरीज दोहोंकडे घेऊन ताडावी. म्हणजे अशी चूक बहुधा उघडी पडते. हें काम कारकुनास नवें नाहीं. जमाबंदीच्या काळापासून आम्ही बेरजा दोन बाजूंनीं घालीत आलों, आणि त्या जुळल्याखेरीज दप्तर बांधीत नसूं.

यंत्र बदललें, लेखणी गेली. परंतु ज्याचें नांव दप्तरांत आहे त्याचें नांव यादींत आलेंच पाहिजे, हा नियम बदललेला नाहीं. पंचांनीं हा लेख पुढें ठेवून आपल्या संस्थेची एक यादी तरी येत्या महिन्यांत ताडून पाहावी, अशी आमची विनंती आहे.